भाऊजींचा अपघात, माझी गाडी

अमेरिकेत आम्ही राहतो त्या एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घराने कधी ना कधी एखादा माणूस आपल्या कार इन्शुरन्सवर चढवलेला आहे. भारतातून कुणाचा भाऊ येतो, कुणाचा मेहुणा येतो. नोकरी असते, व्हिसा असतो, पण इथे गाडी चालवल्याचा काही रेकॉर्ड नसतो. अशा माणसाने स्वतःची पॉलिसी घ्यायची म्हटली तर कंपनी त्याला सोलून काढते. मग तो ज्या घरी उतरतो, त्या घराच्या पॉलिसीवर ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव घालतात. पाहुण्याला चहा विचारावा, तितक्या सहज हे होतं.

माझा धाकटा दीर नागपूरहून आला तेव्हा आम्हीही तेच केलं. आम्ही म्हणजे नवऱ्याने. मी कामावरून घरी आले तेव्हा नाव घालून झालं होतं, आणि भाऊजींनी माझी गाडी वापरायची हेही ठरलं होतं. नवरा न्यूयॉर्कची ट्रेन पकडतो, त्याची गाडी रात्रीपर्यंत स्टेशनवर उभी असते आणि सुट्टीच्या दिवशी त्यालाच लागते. त्यामुळे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी माझीच गाडी मोकळी, असा हिशोब होता.

ही गाडी माझी कशी, ते सांगते. नागपुरात मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. लग्न होऊन इथे आले आणि वर्क परमिटची वाट बघत कित्येक वर्षं पोळ्या लाटल्या. परमिट आल्यावर एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. हायवेने पाऊण तास, तिथे ना ट्रेन जाते ना बस. म्हणून माझ्या पगारातून फेडायच्या हप्त्यांवर एक जुनी गाडी घेतली. सकाळी अंधारातच निघायचे, हीटर लावायचे आणि पाऊण तास कुणाचं काही ऐकून घ्यायचे नाही. त्या पाऊण तासात मी कुणाची बायको नव्हते, कुणाची वहिनी नव्हते. नोकरी मला आवडायची, पण तो रस्ता मला त्याहून जास्त आवडायचा.

भाऊजी गाडी उत्तम चालवायचे, म्हणजे नागपुरात. सिग्नलवर वळायचं तर आधी गाडीचं नाक घालायचं, नाक घातलं की समोरचा थांबतोच, हे त्यांचं शास्त्र. मी दोनदा टोकलं, तर हसून म्हणाले की वहिनी, सीताबर्डीत चालवणाऱ्याला ही रिकामी अमेरिका काय शिकवणार. एका रविवारी ओक ट्री रोडवर डावीकडे वळताना त्यांनी नाक घातलं. समोरून सरळ येणाऱ्या बाईंचा आधी जायचा हक्क होता, त्या कशाला थांबतील? माझ्या गाडीचं एक दार आत गेलं, त्या बाईंचा हात दुखावला. भाऊजींना खरचटलंही नाही. माणूस वाचला, असं मी त्या दिवशी म्हणाले आणि मनापासून म्हणाले.

पुढे पॉलिसी रिन्यू करायची वेळ आली आणि प्रीमियमचा आकडा बघून नवरा खुर्चीतच बसला. मला वाटलं, काहीतरी चूक आहे. माझ्या नावावर दंडाचं एक तिकीटसुद्धा नाही, नवऱ्याच्याही नाही. मी आमच्या एजंटला फोन केला. हे गुजराती काका सगळ्या एडिसनचा इन्शुरन्स सांभाळतात. त्यांनी शांतपणे समजावलं. गाडी कोणीही चालवत असो, त्याचं नाव तुमच्या पॉलिसीवर आहे, भरपाई तुमच्या पॉलिसीतून गेली, त्यामुळे भार तुमच्यावरच येणार. नाव काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, तो तुमच्या घरात राहतो तोवर कंपनी त्याला मोजणारच. त्याने वेगळं घर घेऊन आपली पॉलिसी काढली तर गोष्ट वेगळी.

म्हणजे रस्ता सरळ होता. भाऊजींचा पगार माझ्यापेक्षा जास्त. वाढलेला भार त्यांनी उचलायचा, नाहीतर वेगळं राहायचं. मी हे नवऱ्याला सांगितलं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच कुणाला धडक दिली होती.

"भावाकडून पैसे मागू? यार, आईला काय सांगू मी?"

आईला सांगावं लागलं नाही, तिला कळलंच. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, आपलेच दात आणि आपलेच ओठ, पोराला घाबरवू नका. पोरगा तिशीचा होता आणि शेजारच्या खोलीत मॅच बघत होता.

तोडगा नवऱ्याने काढला. दोनऐवजी एकच गाडी ठेवायची. मी विचारलं, कोणती? उत्तर मला ठाऊक होतं, तरी मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो म्हणाला, तुझी विकू, ती आधीच ठोकलेली आहे, आणि एवढ्या लांब जाऊन तू दमतेसच. मग एका गाडीत दोघं निघू, तुला स्टेशनवर सोडून मी पुढे जाते, असं मी सुचवलं. माझी शिफ्ट लवकर सुरू व्हायची, त्याची ट्रेन उशिराची. तेवढा वेळ स्टेशनवर बसून काय करू, असं त्याने मला विचारलं. मी इथे वर्षानुवर्षं बसूनच काढली होती, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

गाडी विकली. काही दिवस एका सहकारी बाईने मला सोबत नेलं, मग तिची शिफ्ट बदलली. मी नोकरी सोडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि आमच्याकडे फाशी देणारे वर लाडूही मागतात. त्या दिवाळीला बेसनाचे लाडू भाऊजींच्या फर्माइशीवरून झाले.

वर्षभराने भाऊजी वेगळे राहायला गेले. त्यांनी नवी गाडी घेतली, ती घरी आणली आणि मला औक्षण करायला लावलं. मी गाडीला कुंकू लावलं, नारळ वाढवला. ते मोठ्या मनाने म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कुठे जायचं असलं तर बिनधास्त सांगत जा हं. मी ड्रॉप करत जाईन." मला इतका राग आला की मी तबक घेऊन मागे न बघता आत निघून गेले. नवऱ्याला वाटलं, मी गहिवरले.

त्यानंतर मी पुन्हा गाडीचा विषय काढला. आता भाऊजींचं नाव पॉलिसीवर नव्हतं. नवरा म्हणाला, "आता कशाला? आता तर तू घरीच असतेस."

परवा पॉलिसी पुन्हा रिन्यू झाली. त्यात नवऱ्याखेरीज आणखी एक ड्रायव्हर आहे, ती मी. मी गाडी जवळजवळ चालवतच नाही, एक अपघात नाही, एक तिकीट नाही, हे काकांनी कंपनीला कळवलं आणि प्रीमियम थोडा कमी झाला. नवरा खुशीत स्वयंपाकघरात आला. मी पोळ्या लाटत होते. "बघ," तो म्हणाला, "तुझ्यामुळे डिस्काउंट मिळाला."