इस्पिकची सत्ती
पावडरचा डबा उघडला की मला आमच्या घराचा पुढचा सोपा आठवतो, कारण पत्ते घसरावेत म्हणून माझे वडील, अण्णा, त्यांना पावडर चोळायचे. दुपारी घोंगड्यावर दोन जोड मिसळून ते एकट्याचा डाव मांडत. चार-चार उघड्या पत्त्यांच्या दहा रांगा. आठही एक्के काढून त्यांच्यावर राजापर्यंत चढवत न्यायचं, बदामावर बदाम, इस्पिकवर इस्पिक; रांगेत मात्र उतरत्या क्रमानं, एका वेळी एकच पत्ता. मला त्यांनीच शिकवलं. डाव क्वचितच सुटे, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. बारावीनंतर मिरजेला नर्सिंगला माझा नंबर लागला. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. अण्णा पत्ते पिसत म्हणाले, "डाव सुटला तर जा. न्हाय सुटला तर म्हशी हाईतच की." आई शेणाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. सात एक्के निघाले. हातातले पत्ते संपले तसे अण्णा म्हणाले, "अडला." मी म्हणाले, "अण्णा, इस्पिकची सत्ती अठ्ठीवर जातीया की. तिच्याखालीच एक्का हाय." त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी डाव गोळा केला. "धारंची येळ झाली," म्हणाले. आई आत गेली आणि मी चरवी घेतली. हल्ली हाच डाव मी धारा काढून झाल्यावर मोबाईलवर लावते. एखादी चाल उरली असेल तर तो पत्ता चमकवून दाखवतो. अण्णांना ती सत्ती माझ्याआधीच दिसली होती. म्हणून तर पत्ते एवढ्या घाईनं गोळा केले.