फ्लॉपीतून गेलेली बाराखडी

निवृत्तीला बरीच वर्षं झाल्यावर एके दिवशी सरांचा फोन आला, तेव्हा मनात पहिला विचार आला, यांना आत्ताच का माझी आठवण झाली?

सर आणि मी नाशिकच्या एकाच शाळेत गणित शिकवायचो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शाळेत एक घरगुती संगणक आला होता. जाडजूड कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा, शेजारी फ्लॉपी ड्राइव्ह. त्यावर तीन महिने खपून मी बाराखडीचा प्रोग्राम लिहिला. हातानं गिरवल्यासारखं अक्षर पडद्यावर उमटायचं. विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी फ्लॉपी घातली, तर यादीत फक्त सरांनी ठेवलेले सहामाहीचे गुण. माझा प्रोग्राम नाही. आदल्या संध्याकाळी माझ्यानंतर सरच तिथं बसले होते.

स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत मी म्हणाले, "जागा हवी होती तर विचारायचं होतं."

"मी काहीही पुसलेलं नाही, बाई."

माझा विश्वास बसला नाही. महिनाभरात मुख्याध्यापकांनी संगणकाची खोली त्यांच्याकडून काढून घेतली. पुढं आम्ही कामापुरतं बोलत राहिलो.

आता फोनवर ते सांगत होते, शाळेनं जुनं सामान काढलं, त्यात ती फ्लॉपी मिळाली. सातपूरला एक जण अशा फ्लॉपी वाचून देतो. "तुमच्यासमोरच वाचू," असं ते दोनदा म्हणाले. ते 'समोरच' मला खटकलं.

ठरल्या दिवशी सर इगतपुरीहून आले. सातपूरचा तो माणूस मेकॅनिक, मूळचा सिन्नरचा. कारखान्यांतली काही जुनी यंत्रं अजून फ्लॉपीवर चालू होतात, म्हणून त्याच्याकडं वाचायची सगळी साधनं. फ्लॉपीतला मजकूर जसाच्या तसा एका फाइलमध्ये उतरवायचा, तिला तो इमेज म्हणत होता. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपवर होता. त्यात ती इमेज घातली की झालं.

इमेज उघडली. यादीत सरांचे गुण. बाकी काही नाही.

"फाइल केवढी आहे?" मी विचारलं. त्यानं आकडा सांगितला: दोन लाख चार हजार आठशे बाइट. मी पर्समधल्या पाकिटाच्या मागं गुणाकार केला. माहिती साठवायची ऐंशी वर्तुळं, प्रत्येकात दहा तुकडे, तुकड्यात दोनशे छप्पन्न बाइट. बरोबर तेवढेच. पण हे एका बाजूचं झालं. आमचा ड्राइव्ह फ्लॉपीच्या दोन्ही बाजू वाचायचा.

"दुसरी बाजू कुठं आहे?"

"सर म्हनले, एकच बाजू वापरायचो."

"तुम्ही आधी बोलला होतात याच्याशी?" मी सरांकडं वळले.

"काल फोन केला होता. त्यानं विचारलं, मला आठवलं ते सांगितलं." सर चष्मा पुसत राहिले. माझी खात्रीच झाली की यांना ती बाजू दाखवायची नाही.

मेकॅनिक म्हणाला, "दोन्हीची इमेज येगळी असते, मॅडम. वरचं एक वर्तुळ, मंग खालचं एक, असं आळीपाळीनं ठेवायचं. करून देतो."

त्यानं पुन्हा वाचलं. नवी फाइल दुप्पट निघाली. मागच्या बाजूची यादी उघडली आणि तिथं माझा प्रोग्राम होता.

तरीही मी म्हणाले, "इथं कुणी हलवला?" तारीख बघायला सांगितली, तर त्या संगणकाच्या यादीत तारीख नसतेच. मग मी प्रोग्रामच्या ओळी काढायला लावल्या. विसाव्या ओळीत हुकूम होता: मागच्या बाजूवर जा. शेजारी रोमन लिपीत टीप, 'दुसरी बाजू, अक्षरे'. त्यात 'क्ष'साठी एक्स. ती खोड माझीच.

सगळं लक्षात आलं. अक्षरांचे आकार मागच्या बाजूवरून घ्यायला मीच ती ओळ घातली होती. प्रोग्राम चालवून पाहिल्यावर संगणक मागच्याच बाजूवर थांबलेला. नवी प्रत ठेवण्याआधी जुनी पुसायची माझी सवय. पुढच्या बाजूवरची ती मी आधीच पुसलेली. त्यामुळं नवी प्रत मागं गेली. सकाळी संगणक नेहमीसारखा पुढच्या बाजूवर सुरू झाला.

"सर, माझं चुकलं," मी म्हणाले.

"मागची बाजू मलाही सुचली नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही स्टाफरूममध्ये बोलला होतात. तिथले चौघं अजून आहेत. त्यांना सांगाल?"

त्या आठवड्यात मी चौघांनाही फोन केले. तिघांना काही आठवत नव्हतं. चौथ्या बाई म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं, सर असं करणार नाहीत." मग तेव्हा गप्प का राहिलात, हे तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.