माडावरचा माणूस आणि खालचे शहाणे

लोकांना वाटतं, घरात माणूस आजारी पडला की घरच्यांना त्याची दया येते. मला किळस आली. खोटं कशाला बोलू. दिवसचे दिवस अंघोळ नाही, अंगात तोच बनियन, दाढी वाढलेली, तोंडाला वास, ताटातला भात चिवडून तसाच ठेवायचा आणि त्यावर माश्या घोंघावायच्या. मी होमस्टेत कामाला आहे. परक्या लोकांच्या चादरी धुते, त्यांची खरकटी काढते, त्यांच्या पोरांनी ओकलेलं पुसते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण घरी येऊन स्वतःच्या नवऱ्याचं ताट उचलताना मी तोंड फिरवायची. मग किळस आली म्हणून माझीच मला किळस यायची. असा सगळा कारभार.

सुजित माझा नवरा. समोर मी अहो म्हणते, सांगताना तो म्हणते. सासूबाईंना ते खपत नाही. न खपो. अहो-जाहो करून सांगायला लागलं की माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसायला लागतो.

दिवेआगरात तो नारळ-सुपारी उतरवायचं काम करतो. वाड्या लोकांच्या, चढणं आमचं. गावातली पोरं मुंबईला नाहीतर कुठल्यातरी कंपनीत, त्यामुळे झाडावर चढणारे आता शोधावे लागतात. पायात दोरीचा वेढा घालून, कमरेला कोयता अडकवून तो माडावर जायचा तेव्हा माझ्यासारखी कामाची बाईसुद्धा हातातलं काम ठेवून बघायची. पोफळीवर तर तो खाली उतरायचाच नाही. शेंड्याजवळ गेला की झाड हलवायचं, झोका घ्यायचा आणि पलीकडची पोफळ धरायची. अख्खी रांग वरच्या वर. होमस्टेतले पाहुणे खालून मोबाइल धरायचे आणि तो वरून त्यांना अशा शिव्या घालायचा की बरं, त्यांना आमची भाषा कळत नाही. शिव्या देताना हसायचा. लग्न ठरलं तेव्हा मला त्याचं दुसरं काही माहीत नव्हतं, हसणं तेवढं आवडलं होतं.

ते हसणं गेलं. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात गेलं असं नाही. वादळात वाड्या आडव्या झाल्या, आमचे पत्रे उडाले, तेव्हा हाच माणूस लोकांची झाडं तोडून वाट मोकळी करत फिरत होता. हे दुखणं त्यानंतर बऱ्याच काळानं आलं, आणि काही कारण नसताना आलं. लोकांना हेच पटत नाही. दारू पितो का? नाही. बाहेर भानगड? नाही. घरात भांडण? मी आहे म्हटल्यावर भांडण असणारच, पण त्यानं कोणी अंथरूण धरत नाही. तो दारू पीत असता तर गावाला बरं वाटलं असतं. सांगायला सोपं पडलं असतं.

आधी श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी गोळी दिली. मग खाडी ओलांडून अलिबागला जाऊन मनाच्या डॉक्टर गाठल्या, अमिषा मॅडम. त्यांनी गोळी बदलली, मग वाढवली. रोज संध्याकाळी जेवण झालं की मी त्याच्या हातावर गोळी ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची. तो प्यायचा. चार दिवस बरा दिसायचा की पुन्हा आपला भिंतीकडे तोंड करून. वाडीतून बोलावणं आलं की मात्र उठायचा, चढायचा, आला की पडायचा. मला त्या चढण्याचीच धास्ती होती. का, ते नंतर सांगते.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "दोन औषधांनी गुण आलेला नाही. आता पुढचं ठरवायला पाहिजे." तिसरं औषध देऊन बघता येईल, ह्याच औषधाला दुसरं जोडता येईल, जोडीला दर आठवड्याला बसून बोलायचा उपचार घेता येईल. आणि शॉक. त्यांनी नीट समजावलं. भूल देतात, दुखत नाही, सिनेमात दाखवतात तसलं काही नसतं, काही जणांना त्यानं फार चांगला गुण येतो. "घाई नाही. घरी बोला आणि पुढच्या वेळी ठरवून या."

घरी बोला. त्यांना काय माहीत आमचं घर.

रामचंद्रकाका म्हणजे माझे चुलत सासरे. मुंबईच्या कुठल्यातरी ऑफिसातून रिटायर होऊन आले आणि तेव्हापासून गावाला शहाणं करताहेत. विहारात भाषण असलं की ह्यांचंच. ते ओटीवर येऊन बसले, माझे पोहे खाल्ले, पान लावलं आणि म्हणाले, "मन खंबीर पाहिजे, पूनम. आपल्या लोकांनी काय काय सोसलं. ह्याला काय कमी आहे?" म्हटलं, "काका, सोसलं ते तुमच्या आईबापांनी. तुम्ही पंख्याखाली बसलात." ते ऐकून न ऐकल्यासारखं करून अंगणात पिंक टाकून आले. मी सकाळीच सारवलेलं अंगण. ती लाल पिंक मला दिवसभर दिसत राहिली. शॉकचं नाव काढलं तर म्हणाले, "येड्यांच्या हॉस्पिटलात? आणि उद्या आपल्या पोरींची लग्नं कशी व्हायची?" आम्हाला पोरगीच नाही. त्यांच्या पोरीची काळजी होती ती.

मग म्हणाले, "वादळात वाड्या भुईसपाट झाल्या होत्या. आज बघ, कशा उभ्या राहिल्या. ह्यापासून शिकायचं."

भिंतीकडे तोंड केलेला सुजित त्या दिवसात पहिल्यांदा बोलला. "काका, मी माड न्हाय. माडाला झोप लागत असंल."

होमस्टेतल्या एक पाहुण्या बाई. मी सहज बोलून गेले आणि पस्तावले. त्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या खुर्चीत पसरून म्हणाल्या, "तुम्ही तर स्वर्गात राहता हो. समुद्र, झाडं, ताजे मासे. इथे कसलं डिप्रेशन?" त्यांनी टाकलेल्या सुरमईच्या काट्यांवर मांजर बसलं होतं, ते काटे मी उचलत होते. म्हटलं, हो ना, स्वर्गच. आणि नळाखाली भांडी जरा जोरात आपटली.

पण कहर केला तो सासूबाईंनी. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. म्हातारीला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, लग्नात कुणी नारळ फोडला तर ती तिथून उठून जाते. आणि सुजितच्या उशीची खोळ धुवायला काढली तर आतून काळा दोरा, राख आणि सुकलेलं लिंबू पडलं. लिंबाला मुंग्या. त्या मुंग्या त्याच्या डोक्याखाली रात्रभर वळवळत होत्या आणि ह्या माणसाला कळलंही नव्हतं. मला शिसारी आली. मी ते सगळं तिच्या पुढ्यात नेऊन टाकलं. "आई, हे काय हाय? तुम्ही भगताकडं गेलात? तुम्ही?"

चंद्राबाई म्हणजे आमच्या सासूबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. पण म्हातारी खाली बघून म्हणाली, "डाक्तरनी दोनदा हात टेकलं. मी एकदा टेकलं त काय झालं?"

लिंबू मी उकिरड्यावर फेकलं आणि तिला चहा करून दिला.

आता ती धास्ती. मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याला सरळ विचारलं होतं, जीव नकोसा होतो का. तो म्हणाला होता, "मनात येतं. करणार न्हाय." मॅडमनी तेव्हा मला वेगळं बसवून काय बघायचं, कधी फोन करायचा ते सांगितलं. घरातला दोर, औषधं, सगळं मी नजरेखाली ठेवलं. पण माड कुठे लपवू? गावभर माडच. तो चढायला गेला की मी होमस्टेतून काहीतरी निमित्त काढून त्या वाडीत जायची, नारळ गोळा करते म्हणायची आणि मान वर करून उभी राहायची. वर एवढासा दिसायचा. तो झावळीत हात घालायचा आणि मला वाटायचं, आता सोडतो हात. मॅडमना हे सांगायला हवं होतं. पण बोललं की खरं होतं असं वाटायचं, म्हणून बोलले नाही. त्याला तर विचारलंच नाही.

आणि जायचा दिवस जवळ आला तसा तो म्हणाला, "मी न्हाय येत अलिबागला. दोन झाली. तिसरं कशाला?"

म्हटलं, "अहो, शॉक नको असेल तर नको. दुसरं काही घेऊ."

"काय बी नको."

"मग मी माहेरी जाते."

"जा."

"मग नाही जात. पण तुम्ही चला."

त्यानं उशी डोक्यावर ओढली. मी ती ओढून काढली. घरात मोठ्यानं रडायची माझी पद्धत नाही, पण त्या दिवशी चुलीपुढे बसून मी जे रडले ते ऐकून बहुतेक तो उठला. अंघोळ नाहीच. शर्ट तेवढा बदलला. दिघीहून फेरी पकडली. फेरीत डिझेलचा वास, पर्यटक पक्ष्यांना वेफर्स टाकतायत, पक्षी त्यांच्याच गाड्यांवर घाण टाकतायत. तेवढंच मला बघून बरं वाटलं. आगरदांड्याला उतरून अलिबागची एसटी धरली.

मॅडमनी त्या दिवशी वेगळंच सुरू केलं. म्हणाल्या, पुढचं ठरवायच्या आधी मागचं एकदा पहिल्यापासून बघू. गोळी कधी घेता, कशी घेता, घेतल्यावर काय होतं.

"सकाळी गरगरतं," तो म्हणाला.

"मग कामावर जाताना त्रास होत असेल. तुम्ही वाडीत काम करता म्हणालात ना? शिंपणं वगैरे?"

"चढतो. माडावर. पोफळीवर."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. मग अगदी हळू विचारलं, "गरगरत असताना चढता?"

"न्हाय," सुजित म्हणाला. "गरगरत असताना कसा चढंन? चढायचं असलं की आदल्या दिवशी गोळी न्हाय घेत."

"आणि चढायचं कधी असतं?"

"बोलावणं कवा बी येतं. म्हणून..." तो थांबला. "म्हणून बऱ्याचदा न्हायच घेत."

मी म्हटलं, "मी हातावर ठेवते ती?"

"गालात धरतो. मागल्या दारी जाऊन थुंकतो."

मागल्या दारी आमच्या कोंबड्या असतात. म्हणजे वर्षभर मी अलिबागहून औषध आणून कोंबड्या बऱ्या करत होते. मला एवढा संताप आला की मॅडम समोर नसत्या तर त्याच्या थोबाडीत ठेवून दिली असती. काकांची पिंक, म्हातारीच्या मुंग्या, त्या बाईचा स्वर्ग, हे सगळं मी गिळलं ते ह्या थुंकणाऱ्या माणसासाठी. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "मी खाली उभी राहत होते हो. तुम्ही वर गेलात की रोज खाली उभी राहत होते. मला वाटायचं, आज हात सोडताय."

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी नीट बघितलं.

"अगो येडे," तो म्हणाला, "पडू नये म्हणून तर थुंकत होतो. मरायचं असतं तर गोळी खाऊन चढलो असतो."

मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या की असं असेल तर ही औषधं लागू पडली नाहीत असं आत्ताच म्हणता येत नाही. लागू पडतील असंही वचन देत नाही. ज्यानं गरगरणार नाही असं बघून देऊ, रोज नीट घेऊन बघू, दर आठवड्याला फोनवर बोलायचं, आणि नाहीच जमलं तर शॉकचा रस्ता आहे, तो काही बंद झालेला नाही. पण औषध बसेपर्यंत झाडावर चढायचं नाही. अजिबात नाही. "निर्णय तुमचा आहे," त्या सुजितला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि ते बरोबर होतं.

तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. दोरीनं घट्टे पडलेल्या पायांकडे. "चढलो न्हाय तर मग मी कोण?" म्हणाला. ह्याला मॅडमकडे गोळी नव्हती. त्या म्हणाल्या, "हे आपण बोलू. ह्यावरच बोलू."

घरी आल्यावर त्यानं खुंटीवरचा कोयता काढला आणि माझ्या हातात दिला. "ठेव कुठंतरी. मी मागितला तरी देऊ नको." मी तो तांदळाच्या कणगीत खुपसला. दुसऱ्या दिवशी रामचंद्रकाका येऊन म्हणालेच, बायकोनं झाडावरून उतरवला. मी पोहे केले नाहीत.

सुजित अजून बरा झालेला नाही. एखाद्या दिवशी उठून नारळ सोलतो, एखाद्या दिवशी उठतच नाही. अंघोळीवरून भांडणं चालूच आहेत. पण जेवण झालं की मी गोळी देते, तो गिळतो आणि मी न सांगता माझ्यासमोर आ करतो. जीभ वर करून दाखवतो. तोंडाला वास येतोच. मला किळस येते, आणि मी वाकून दोन्ही गालांत नीट बघते.