एका शिदोरीचा पल्ला

आमच्या साखऱ्यात अंतर कोसांत कुणी मोजत नसे, शिदोऱ्यांत मोजत. पहाटे बांधून घेतलेल्या भाकरी संपायच्या आत बैलगाडी पोचली, की ते गाव एका शिदोरीचं. कळमनुरी एका शिदोरीची, म्हणून थोरल्या बहिणीला तिथं दिली. वसमत दोन शिदोऱ्यांची, म्हणून तिथलं हळदीच्या व्यापाऱ्याचं स्थळ माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, चहा पाजून परत पाठवलं. लेक आजारी पडली तर बापाला एका शिदोरीत पोचता आलं पाहिजे, हा आबांचा कायदा होता. निजामाच्या कायद्यात पळवाटा होत्या, आबांच्या कायद्यात नव्हत्या.

अशात मला मुंबईचं स्थळ आलं. मुलगा आमच्याच भागातला, तिकडं छापखान्यात लागलेला. तो बघायला आला त्या दिवशी घाबरून मी पोह्यांत मीठच टाकलं नव्हतं. त्याने ते निमूट संपवले आणि वर आणखी मागून घेतले. माझं तेव्हाच ठरलं. पण मुंबई म्हणजे हिंगोलीपर्यंत बैलगाडी, मग रेल्वे, पूर्णेला बदल, मनमाडला बदल. शिदोऱ्या मोजायचंही मला धाडस होईना.

मामा धावून आला. तो हैदराबादेत नोकरीला होता आणि शहरचं वारं लागल्यामुळे आबांपुढे तोंड उघडणारा घरात एकटाच होता. हैदराबादेहून मुंबईला आता विमान जातं, म्हणाला. चारेकशे मैल, पण अडीच-तीन तासांत. मध्ये पाणी प्यायला कुठं थांबतात, असं आबांनी विचारलं. थांबतच नाहीत, म्हणाला. आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग हिशेब त्यांनीच मांडला: एवढ्या वेळात भाकरी नीट निवतसुद्धा नाही, म्हणजे मुंबई कळमनुरीपेक्षा जवळ. पारावर जाऊन तसं सांगूनही आले. थोरल्या बहिणीला हे कळलं तेव्हा आपल्यालाच एवढं लांब का दिलं म्हणून ती दोन महिने फुगून बसली.

यातली गोम अशी, की विमानात बसायला आधी साखऱ्याहून हैदराबाद गाठायला हवं, आणि तेही मुंबईकडे पाठ करून. मामाला हे ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. माय तर मेथीची जुडी घेतानाही दहा प्रश्न विचारणारी बाई. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साखर आणायला आत निघून गेली. आबांनी मात्र पुढे काहीच विचारलं नाही.

लग्न झालं आणि हिंगोलीच्या स्टेशनावरून आम्ही अर्थातच रेल्वेने निघालो. मायने दशम्या-धपाट्यांचं भलंमोठं गाठोडं पदराआड धरलं होतं, पण ते पदराआड मावणारं नव्हतं. आबांनी ते तिच्या हातून घेतलं, वजन अजमावलं आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं. आता विमानाचं विचारणार, म्हणून मी मान खाली घातली.

"हैदराबाद कोन्या दिशेला हाय ते मला ठाऊक न्हाई व्हय?" ते हळूच म्हणाले. "तुजा जीव तिथं बसला व्हता, म्हून गप राहिलो."

मला एकदम रडू फुटलं. गाडी हलली तसे ते खिडकीचा गज धरून चालू लागले.

"फकस्त आजारी पडू नको, बाई. मला यायला लई दिस लागतेत."