पाण्याकाठी न्यायचं नाणं

आई गेली त्या वर्षी माझा धाकटा भाऊ परदेशातून तीन आठवड्यांसाठी आला होता. दिवसकार्य उरकलं, आईची खोली आवरून झाली, आणि मग आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच सुचेना. तेव्हा तो म्हणाला, "चल ताई, तुला एक खेळ दाखवतो."

त्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी डोंगरात, रानात एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं. दुसरं कुणीतरी फोनवरचे आकडे बघत तिथवर जातं, डबा शोधतं, आतल्या वहीत नाव लिहितं आणि डबा होता तसा ठेवून येतं. आम्ही सिल्लोडच्या रस्त्याला, चौक्याच्या पुढं, एका पाझर तलावाच्या वरच्या टेकडीवर कपारीत स्टीलचा डबा ठेवला. वेबसाइटवर नाव माझं घातलं. भाऊ परत गेला आणि डबा माझ्या गळ्यात पडला.

मी हर्सूलला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होते. चितेगावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला होते. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी तसंच परत. लग्न राहून गेलं होतं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, आणि मग 'लग्न का नाही' हेही कुणी विचारेना. आई गेल्यावर असे काही रविवार गेले, की शनिवारी दुपारी बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'येते' म्हटलं, त्यानंतर सोमवारी सकाळीच तोंडातून शब्द फुटला.

डब्याकडं फारसं कुणी फिरकत नसे. वर्षातून चार-पाच जण. कुणी डबा शोधला की मला ईमेल यायचा, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्या नावानं येणारं तेवढंच पत्र असायचं.

पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला होता तो हिवाळा. हर्सूलच्या तलावात भेगा पडल्या होत्या, आमच्या सोसायटीत आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. अजिंठ्याला निघालेला एक परदेशी प्रवासी वाटेत गाडी थांबवून टेकडी चढला आणि डब्यात एक नाणं ठेवून गेला. चलनातलं नाणं नव्हे ते. या खेळात अशी नाणी असतात, त्यांच्यावर एक क्रमांक कोरलेला असतो. ज्याला ते सापडेल त्यानं ते पुढच्या डब्यात न्यायचं आणि क्रमांक घालून वेबसाइटवर कळवायचं. मग नाण्याचा मालक घरबसल्या त्याचा माग काढू शकतो.

या नाण्याचा मालक फिनलंडमधला एक बाप होता. नाण्याच्या पानावर त्यानं लिहिलं होतं, 'माझी मुलगी आता नाही. तिला तळ्यात पोहायला फार आवडायचं. हे नाणं पाण्याकाठून पाण्याकाठी न्या.' नाणं सात देशांतली पाणी बघून आमच्याकडं आलं होतं. त्या प्रवाशानं खाली शेरा मारला होता, 'इथं तलाव आहे असं लिहिलं होतं. मला दिसला नाही.'

मला लाज वाटली. जणू तलाव मीच आटवला होता. मी त्या बापाला पत्र लिहिलं, की इथं दुष्काळ आहे, पण मी नाणं लवकरच जायकवाडीला नेईन, तिथं अजून थोडं पाणी आहे. त्याचं लगेच उत्तर आलं. दुष्काळ म्हणजे कसा, माणसं काय पितात, झाडं उभी आहेत का, असं बरंच विचारलं होतं. मी सगळं लिहिलं. त्यानं परत लिहिलं. त्यांच्याकडं तळी गोठली होती.

जायकवाडी चितेगावहून काही लांब नाही. एखाद्या शनिवारी कंपनीतूनच परस्पर जाता आलं असतं. मी गेले नाही. या रविवारी, पुढच्या रविवारी असं करत अडीच महिने काढले. कारण मला ठाऊक होतं. नाणं माझ्या डब्यात आहे तोवर तो मला लिहील. ते पुढं गेलं की तो पुढच्याला लिहिणार.

मार्चमध्ये एकदाची टेकडीवर गेले, तर कपारीत डबा उघडा पडलेला. वही होती, पेन्सिल होती, नाणं नव्हतं. मी गवतात, दगडांखाली हात घालून शोधलं. शेवटी उभी राहिले. खाली तलावाच्या कोरड्या पोटात मेंढरं चरत होती आणि एक म्हातारी काठी टेकून वर माझ्याकडंच बघत होती. मी उतरून तिच्याकडं गेले.

"मावशी, वरच्या डब्यातलं काही घेतलंत का?"

"व्हय, घेतलं," ती म्हणाली. अजिबात कचरली नाही. "कुत्र्यानं डबा उकरला. वही-पेन्सिल कुनाची तरी असंल म्हनून ठिवली. पैसा तेवढा घेतला. चौक्याच्या दुकानात दिला तर दुकानदार म्हनला, ह्यो चालत नाय."

तिनं कमरेची चंची सोडली. पान-तंबाखूच्या कप्प्यातून नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "चालत नसला तरी लई बेस हाय बघ दिसायला."

मी तिथंच बांधावर बसून तिला नाण्याची गोष्ट सांगितली. लांबच्या थंड देशातला बाप, गेलेली मुलगी, पाणी. ती मेंढरांवर नजर ठेवून ऐकत होती.

"पोर कशानं गेली?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"का गं? इतकं लिवता एकमेकास्नी आन् हे इचारलं नाय?"

मी नाण्याला चिकटलेली तंबाखू नखानं काढत राहिले. मग तिनं माझी चौकशी केली. कुठं राहतेस, घरी कोण कोण असतं. कुणी नाही म्हटल्यावर तिनं 'अरारा' वगैरे काही केलं नाही. नुसती मान हलवली आणि म्हणाली, "आमी परवा निघनार. हितं आता जनावराला प्यायला थेंब नाय. लासूरकडनं गंगेला जाऊ. पानी हुडकत तर आमी बी चाललोय. न्यू का ह्याला?"

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी क्षणभर नाणं मुठीत धरून ठेवलं. मग तिला दिलं. तिच्या मुलाजवळ मोबाइल होता. त्याला मी माझा नंबर दिला आणि सांगितलं, पाणी दिसेल तिथून एक मिस कॉल द्या, मी परत लावीन.

त्या रात्री मी फिनलंडला दोन पत्रं लिहिली. एकात, नाणं मेंढरांबरोबर निघालं आहे. दुसऱ्यात, तुमच्या मुलीला काय झालं होतं? त्याचं उत्तर लांबलचक आलं. रक्ताचा आजार होता. शेवटच्या उन्हाळ्यात ती तळ्यावर ने म्हणत होती आणि तो 'थोडी बरी हो, मग जाऊ' म्हणत राहिला.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी मिस कॉल यायचा. मी लावला की आधी मेंढरांचा कालवा, मग तिचा आवाज. "शिवना नदीला आलो. निस्ता चिखल. म्हशी बसल्यात." मी ते नकाशावर शोधायचे, वेबसाइटवर टाकायचे. पुढच्या वेळी कुठलासा गावतलाव, त्यापुढं एका बागायतदाराचं शेततळं, प्लास्टिक अंथरलेलं. "तिथं बी दाखिवला पैसा पान्याला," ती म्हणायची. मग विचारायची, "जेवलीस का?" मी जेवलेली नसले तरी हो म्हणायचे आणि फोन ठेवून खरंच कुकर लावायचे.

एप्रिलच्या शेवटी फोन आला तेव्हा ती फार खुशीत होती. "टोक्याला आलो. गंगेला पानी आलंय बाय! वरच्या धरनातनं सोडलंय. दोन्ही थड्या भरून चाललंय. आन् पोरीला बी सोडलं."

"कुणाला?"

"त्या पैशाला. पान्यात सोडला."

मला आधी कळलंच नाही. कायगाव टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. तिथं लोक लांबलांबून राख घेऊन येतात.

"मावशी, अहो ते पुढं न्यायचं होतं! मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"किती फिरवायचं गं तिला? लोकं सोडत व्हती, मी बी हात जोडून सोडलं. मोकळी झाली."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला? ते तुमचं नव्हतं!" असं ओरडले की नुसतं मनात म्हटलं, आज मला आठवत नाही. फोन कापला एवढं नक्की. तिचे दोन मिस कॉल आले. मी लावला नाही.

चार दिवसांनी राग उतरला आणि मी लावला तर फोन बंद. पुढंही बंदच. फिनलंडला कळवायला मला आणखी आठवडा लागला. जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं. अकरा दिवस उत्तर नाही. मग आलं ते एवढंच, 'ती नदी कशी आहे? रुंद आहे का? पाणी गार आहे का?'

मला कुठं माहीत होतं? मी रजा टाकली आणि एसटीनं कायगावला गेले. घाटावर चपला काढून गुडघाभर पाण्यात उतरले. पाणी ओसरलं होतं, पण वाहत होतं. वर कोमट आणि पायाशी गार. मासे घोट्याला टोचत होते. चहावाल्याला मेंढरांचं विचारलं, तर म्हणाला, "गेली की पूल ओलांडून नगरच्या अंगाला." मी दुपारभर बसले आणि रात्री घरी येऊन त्या बापाला पाण्याबद्दल दोन पानं लिहिली. त्यानं आभार मानले. नाण्याच्या पानावर प्रवास संपल्याची नोंद त्यानं स्वतः केली. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही.

पुढच्या काही वर्षांत शहर चौक्याच्या दिशेनं सरकत गेलं. टेकडीचा मुरूम रस्त्याच्या कामाला गेला. एक दिवस मी डबा काढून आणला आणि वेबसाइटवरची जागा बंद केली. पण मेंढरं दिसली की थांबून म्हातारीचं विचारायची सवय लागली होती. तिची खूण सांगायचे, पाण्याला नाणं दाखवणारी. शेवटी एकानं ओळखलं. "ती व्हय? ती आता वाट चालत नाय. सिल्लोडच्या अलीकडं लेकाकडं असती."

मी पुढच्या रविवारी गेले. पत्र्याच्या घरापुढं बाजेवर ती बसली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं. मेंढरं विकली होती, मुलगा मका-कापसाच्या आडतीवर हमाली करत होता. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझा हात धरला.

"बाप काय म्हनला गं तिचा?"

मी सांगितलं. नदीचं विचारलं, आभार मानले, प्रवास संपला म्हणून लिहिलं.

"बरं झालं."

"मावशी, त्या दिवशी फोनवर मी..."

"त्यो फोन व्हय? कटला मधीच. टोक्याला रेंजच नसती. मी दोनदा लावला. मग पोराचा फोन गंगेत पडला, तुझा नंबर बी गेला. म्हनलं, पोरगी तिकडं काळजी करत असंल."

इतकी वर्षं मी जी माफी घोळवत होते ती तिला नकोच होती. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं. खरं सांगावं की नाही याचा मी खूप वेळ विचार केला. सुनेनं चहा आणला, तो प्याले. म्हातारीनं मेंढरांची आठवण काढली, कोणती किती शहाणी होती ते सांगितलं. मी ऐकत होते.

खरं सांगितलं नाही.

निघताना ती बाजेवरूनच म्हणाली, "सावकाश जा." फुलंब्रीपर्यंत बसमध्ये उभीच होते. रस्ता रुंद करायला दोन्ही बाजूंची झाडं तोडली होती, ऊन थेट आत येत होतं. मग एक जागा रिकामी झाली आणि मी बसले.