पाहुण्यांचं मडकं

कर्जतच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा राज्यात कडक दारूबंदी होती, आणि कोणत्या गावाला कोणत्या महिन्यात काय प्यायला मिळतं हे तालुक्यात सगळ्यांना पाठ होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नसत. मी घाटावरचा, पुस्तकं वाचून वाढलेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

शिकवणारे होते आमचे पोस्टमास्तर. भिसेगावात आम्ही शेजारी राहायचो. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, अंगानं किडकिडीत, आणि पाऊस असो नसो, हातात छत्री. रविवारी उजाडायच्या आत ते माझ्या दाराची कडी वाजवत आणि म्हणत, "चला मास्तर, वनस्पतिशास्त्र!"

आमच्या वनस्पतिशास्त्रात तीनच झाडं होती. थंडीत शिंदी, उन्हाळ्याच्या तोंडाशी ताड आणि चैत्रात मोह. पावसाळ्यात अभ्यासाला सुट्टी असे, तेव्हा आम्ही चहा पीत असू. या तीन झाडांच्या मागे मी कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके पायी पालथे घातले. पोशीरच्या बाजूला भाताची झोडणी आटोपली की खळ्यावरच लोटा फिरे. तिथली शिंदीची ताडी जराशी आंबट आणि भांडखोर. खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याला होळीच्या सुमारास मोहाची फुलं अंगणात वाळत पडलेली असत, आणि ती कशासाठी वाळत आहेत हे विचारलं तर प्रत्येक घरातून एकच उत्तर येई: "गुरांना वो." त्या भागातली गुरं मी फार आनंदी पाहिली.

पण सगळ्यांत वरचा नंबर आम्ही पळसदरीच्या शिंदीला दिला होता. ओढ्याकाठी बारा शिंदी होत्या आणि त्यांचा रस काढणारा एक चाळिशीचा गडी होता. कमरेला कोयता, पायात दोराचा फास, आणि बोलणं अगदी बेताचं. बोलायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. मडकं झाडाला बांधण्याआधी ती ते वाळल्या गवताच्या धुरावर धरी, त्यामुळे तिथल्या रसाला शेवटी जिभेवर धुराची एक पुसट चव येई. पोस्टमास्तर डोळे मिटून म्हणत, "ही सही आहे तिची."

या रसाबद्दल दोन ओळी सांगायलाच हव्यात, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मडक्याला आतून चुना फासला आणि रात्रभर ठिबकलेला रस ऊन चढायच्या आत प्याला, तर ती नीरा. गोड, पौष्टिक आणि परवाना असेल तर सरकारमान्य. चुना न लावता तोच रस दुपारपर्यंत ठेवला की ताडी. कायदा आणि गुन्हा यांच्यात अंतर ते केवढं? बोटभर चुना आणि चार तास ऊन.

आमच्या गड्याकडे परवाना नव्हता. त्यामुळे झाडावरून उतरण्याआधी तो नेहमी वरूनच खाली डोकावून बघे. बुंध्याशी खाकी कपडे दिसले की शेंड्यातच बसून राही. एकदा सकाळपासून दुपारपर्यंत बसला होता. बायको सांगे, "खाली दोन शिपाई बिड्या वडत बसले, आन वर आमचा कावळा."

त्या वर्षी दारूबंदी खात्याचा एक नवा अंमलदार आला. तरुण, चोख आणि दुर्दैवानं प्रामाणिक. त्यानं नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगितलं: नीरेचा परवाना काढा आणि उजळ माथ्यानं धंदा करा, नाहीतर मी बाराही शिंदी तोडून टाकायला लावतो. गड्यानं ओढ्याकडे पाहिलं. त्या झाडांवर त्याचा बाप चढला होता आणि बापाचा बापही. शेवटी बायकोच म्हणाली, "काढतो वो परवाना. झाडांना हात नका लावू."

अर्ज मी लिहिला. हस्ताक्षर माझं, अंगठा त्याचा. अंमलदारानं तो वाचून मान डोलावली आणि एक अट सांगितली. माघातल्या जत्रेच्या दिवशी गावात 'नीरापान समारंभ' होईल, प्रमुख पाहुणे नीरा पितील, मग प्रत्येक मडक्यातून एक बाटली नमुना घेतला जाईल. सगळे नमुने गोड निघाले तर परवाना तिथेच, पाहुण्यांच्या हस्ते. एकही आंबलेला निघाला तर कुऱ्हाड.

पाहुणे म्हणजे जिल्ह्यातले दारूबंदीचे एक मोठे प्रचारक. त्यांचं भाषण मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. दीड तास चाललं होतं, आणि त्या दीड तासात मला आयुष्यात पहिल्यांदा दारू प्यावीशी वाटली होती.

जत्रेच्या पहाटे मी आणि पोस्टमास्तर पळसदरीला पोचलो तेव्हा गावदेवीसमोर मांडव उभा होता. आंब्याच्या डहाळ्यांची कमान, झेंडूच्या माळा, एक कर्णा आणि माझ्याच शाळेतल्या मुलींचं स्वागतगीत. ते गीत मीच रचलं होतं, तेव्हा त्याबद्दल न बोललेलं बरं. टेबलावर सहा मडकी ओळीनं मांडलेली, तोंडाला पांढरी फडकी. पाच मडकी नवी कोरी, कुंभाराच्या भट्टीतून नुकतीच आलेली. सहावं काळंभोर, तुकतुकीत, पोटाला हळदीकुंकवाची बोटं. अंमलदारानं प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली होती. काळ्यावर लिहिलं होतं: 'क्रमांक एक. प्रमुख पाहुणे.'

मला ते मडकं फक्त सुंदर वाटलं. पोस्टमास्तर मात्र थबकले. त्यांनी गड्याच्या बायकोला बाजूला बोलावलं.

"बाई, हे कुठलं मडकं?"

"आजेसासऱ्याचं," ती अभिमानानं म्हणाली. "जत्रंला देवीचा पैला लोटा ह्याच्यातनंच जातो. येवढा मोठा पाव्हणा येनार, त्याला काय बाजारातल्या मडक्यातनं द्यायचं? लाज नाय वाटायची आमाला?"

"चुना लावला आतून?"

"देवीच्या मडक्याला चुना?" तिनं पोस्टमास्तरांकडे असं बघितलं, जणू ते देवळात चपला घालून शिरले होते.

गडी मागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला. त्याला एका क्षणात कळलं, आणि त्याच्याकडे बघून मलाही. तीन पिढ्यांची ताडी त्या मातीत मुरलेली होती. त्यात पाणी ठेवलं असतं तरी संध्याकाळपर्यंत त्याला वास आला असता. पहाटे उतरवलेली गोड नीरा त्यात ओतली होती, आणि ती आंबायला आता उन्हाचीच काय ती वाट होती.

"आगं, काय केलंस गं!" तो बायकोला म्हणाला.

"मान दिला, आनि काय केलं?" ती म्हणाली, पण आवाज खाली गेला होता. तिलाही कळलं होतं.

आम्ही अंमलदाराकडे गेलो आणि मडकं बदलू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "यादी झाली आहे. चिठ्ठ्या लागल्या आहेत. आता बदललं तर मला लिहावं लागेल की का बदललं." त्यात दुष्टपणा नव्हता. एवढंच की त्याच्या वहीत तसा रकाना नव्हता.

"ठीक आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "सात वाजता समारंभ आहे. सातला काही बिघडणार नाही."

पाहुणे सातला आले असते तर ही आठवण लिहायचं कारण पडलं नसतं. पण प्रमुख पाहुण्यानं वेळेवर येणं हा यजमानांचा अपमान समजतात. कर्जतपासून पळसदरीपर्यंत जिथे जिथे चार घरं होती तिथे तिथे त्यांची जीप थांबवून त्यांना हार घालण्यात आले. आठ वाजले. ऊन मांडवात शिरलं. मुलींनी गीत तीनदा म्हणून पाहिलं. साडेआठला काळ्या मडक्यावरचं फडकं मधोमध हळूच वर आलं. नऊला ते पुरणपोळीसारखं फुगलं. पोस्टमास्तरांनी उन्हाच्या बाजूला छत्री उघडून धरली आणि सावलीचं निमित्त करून तासभर तसेच उभे राहिले. त्या छत्रीचा मला तेवढाच एक उपयोग ठाऊक आहे. गडी मांडवाच्या खांबाला टेकून ओढ्याकडे बघत होता. बारा शेंडे तिथून स्पष्ट दिसत होते.

पावणेदहाला पाहुणे आले. उंच, भरदार, खादीत, गळ्यात इतके हार की मान वळेना. गीत झालं. प्रास्ताविक झालं. अंमलदारानं क्रमांक एकचं फडकं सोडलं. आतून फस्स असा आवाज आला, तो कर्णा जवळ असल्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यानं पितळी पेला भरला. वर पांढरा फेस. तो फेसाकडे बघू लागला, पण पाहुण्यांनी पेला त्याच्या हातातून घेतला होता.

पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि थांबले.

ते थांबणं मी विसरणार नाही. त्यांनी पेल्यात पाहिलं. मग मडक्याकडे पाहिलं, त्याच्या काळ्या पोटाकडे, हळदीकुंकवाकडे. मग सबंध मांडवात नजर फिरवली आणि ती खांबाला टेकलेल्या गड्यापाशी येऊन थांबली. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. ते वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. पाहुण्यांनी उरलेला पेला एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "नीरा उत्तम आहे. अजून द्या."

दुसऱ्या पेल्यानंतर त्यांनी भाषणाचे कागद काढले. तिसऱ्या पेल्याला ते कागद घडी करून खिशात ठेवले. मग ते बोलले, आणि चांगलं बोलले. आजोळी लहानपणी शिंदीवर चढलो आणि उतरता येईना, तेव्हा मामानं खालून धोतर पसरून धरलं आणि मी धोतर चुकवून मामावर पडलो, ही गोष्ट त्यांनी हातवारे करून सांगितली. बाया पदर तोंडात धरून हसल्या. "या झाडासारखं झाड नाही," ते म्हणाले. "याला जपा. याला जपणाऱ्या माणसाला जपा." एकंदर दहा मिनिटं. मी त्यांची वाक्यं मोजायला बसलो होतो, ते विसरून टाळ्या वाजवत होतो.

टाळ्या थांबल्या तेव्हा अंमलदार बाटल्या घेऊन पुढे आला. पाच नव्या मडक्यांतला रस त्यानं बाटल्यांत भरला, चाखला, गोड होता. मग तो सहाव्याकडे वळला.

"काय पाहिजे?" पाहुण्यांनी विचारलं.

"नमुना, साहेब. नियम आहे."

"बरोबर आहे. नियम पाळलाच पाहिजे." असं म्हणून त्यांनी मडकं स्वतः दोन्ही हातांनी उचललं, पेल्यावर उपडं केलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरलं, आणि पेला पिऊन टाकला. "घेतला नमुना. लिहा, उत्तम."

अंमलदार बाटली हातात धरून उभाच. प्रामाणिक माणूस, मडक्यात डोकावला, मडकं हलवलं. नसलेल्या रसाला आंबट म्हणायची सोय वहीत नव्हती. त्यानं लिहिलं, 'उत्तम. पाहुण्यांचा अभिप्राय.' आणि परवान्याचा कागद पुढे केला.

गडी कागद घ्यायला वाकला तेव्हा मी टेबलालगतच उभा होतो, म्हणून पुढचं ऐकू आलं. पाहुण्यांनी व्यासपीठावरची भाषा सोडली होती.

"मडकं कवाचं रं?"

"आज्याचं हाय, सायेब."

"वाटलंच. जपून ठेव. पर मानसांना देत जाऊ नको ह्याच्यातनं. देवीलाच दे." कागद त्याच्या हातात ठेवत ते म्हणाले, "आन येकांद्या साली मी आलो, तर मला."

जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली तसा मांडवाला कंठ फुटला. गड्याच्या बायकोनं रिकामं मडकं पोटाशी धरलं होतं. "देवीनं सांभाळलं बगा," ती म्हणाली.

"देवीनं नाय गं," गडी म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते सगळ्यांत लांब वाक्य होतं. "पाव्हन्याच्या घशानं सांभाळलं."

भाषणं, हार आणि कमानी यांच्याबद्दलचं माझं मत त्या दिवसानंतरही बदललं नाही. पुढे वीसेक वर्षं मी अशा समारंभांना शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसत आलो. फक्त कुठलाही वक्ता पेला उचलून पाणी प्यायला लागला की मी अजून थोडा पुढे सरकून बघतो.

पुढच्या रविवारी उजाडताना आम्ही वनस्पतिशास्त्रासाठी ओढ्याकाठी गेलो. गडी झाडावर होता. खिशात परवाना मेणकापडात गुंडाळून ठेवलेला. वरूनच त्यानं तो दाखवला. मडकं सोडलं, कमरेला अडकवलं आणि उतरू लागला. आयुष्यभर तो उतरण्याआधी खाली डोकावत आला होता. त्या दिवशी मान वर करून, आभाळाकडे बघत, काहीतरी गुणगुणत उतरला आणि थेट पोस्टमास्तरांच्या खांद्यावर आला. छत्रीच्या दोन काड्या मोडल्या. नीरा तिघांच्याही अंगावर सांडली, गोड आणि थंडगार.

"आवं, खाली तरी बगा की वो!" बायको खोपटातून ओरडली.

"कशाला?" तो मातीत बसल्या बसल्या म्हणाला आणि हसत सुटला.