हनीफभाईंच्या रक्तातली कैची

हनीफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलींना प्रात्यक्षिक दाखवत होते. शिपाई बोलावायला आला. ऑफिसात जाऊन रिसीव्हर उचलला तर पलीकडे त्यांच्या पत्नी, शमीमभाभी. "मॅडम, हे गेले. सकाळी. छातीत पाणी झालं होतं..." एवढं सांगून त्या म्हणाल्या, "तुमाले सांगाले पायजे म्हणून केला फोन." मी परत वर्गात आले, राहिलेलं प्रात्यक्षिक पूर्ण केलं आणि दुपारच्या गाडीने बल्लारपूरला गेले. त्याला आता दीड महिना झाला. हनीफभाई माझे नातेवाईक नव्हते, शेजारीही नव्हते. ते बल्लारपूरचे एक शिंपी होते, आणि मी ज्याच्यावर पीएच.डी. मिळवली ते रक्त त्यांचं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात संशोधन करत होते. विषय सांगितला की माणसं विषय बदलायची. आपल्या रक्तात प्रतिपिंडं असतात. परकं काही शरीरात शिरलं की त्याला जाऊन चिकटायचं आणि धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. कापाकापी, तोडफोड हे विकरांचं काम, म्हणजे एन्झाइमांचं. पण काही आजारांत अशी प्रतिपिंडं सापडतात जी नुसती चिकटत नाहीत, तर विकरासारखी कापतातही. सांधे सुजवणाऱ्या आमवातात ती किती असतात आणि सूज चढते-उतरते तेव्हा त्यांचं काय होतं, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी एकाच रुग्णाचं रक्त पुन्हा पुन्हा हवं होतं, आणि तेच अवघड होतं. लोक एकदा द्यायचे. दुसऱ्यांदा गेलं की विचारायचे, याच्यानं मी बरा होईन का? खोटं बोलवत नसे. मग ते यायचे बंद व्हायचे.

हनीफभाई बल्लारपूरच्या एका दवाखान्यात मला पहिल्यांदा भेटले. चाळिशीतला उंच माणूस, पांढरा स्वच्छ शर्ट, आणि मांडीवर दोन्ही हात असे ठेवलेले, जणू कोणी विश्वासाने सांभाळायला दिले आहेत. पेपर मिलच्या कामगारांचे खाकी कपडे आणि शाळांचे गणवेश ते शिवत. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, यातून तुम्हाला फायदा होणार नाही हेही सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे टाचणी कैचीचं काम करून राह्यली म्हणा."

चिकटवून ठेवणारी टाचणी, आणि तीच कापायला लागलेली... माझ्या मार्गदर्शकांनाही हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं.

"आन् कापड मीच," ते म्हणाले आणि बाही वर केली.

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी मी बर्फाचा थर्मास घेऊन नागपूरहून यायची. रक्त काढायचं मी शिकून घेतलं होतं. त्यांचे घोटे फार सुजायला लागल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मी त्यांच्या घरीच जाऊ लागले. शमीमभाभी चहा ठेवायच्या. परतीची गाडी सुटू नये म्हणून मी तो घाईने प्यायची. हनीफभाईंचे प्रश्न मात्र संपत नसत. ही कैची सगळ्यांच्याच रक्तात असते का? जन्मापासून असते की नंतर येते? माझी अर्धी उत्तरं "अजून माहीत नाही" अशी असत. ते मान डोलवत. त्या उत्तराने त्यांचं कधी बिनसलं नाही.

मग शाळा सुरू व्हायच्या आधीचा गणवेशांचा हंगाम आला. त्या खेपेला मी गेले तर हनीफभाई मशीनवर बसलेले, पाय चालतोय, हात चालतोय. मला आनंद झाला. पण चेहरा गोल, फुगल्यासारखा दिसत होता. नागपूरला नमुना तपासला तर कापण्याची क्रिया जवळपास नाहीशी झालेली. पुढच्या खेपेलाही तेच. मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी गल्ल्यामागून कागदाची पुडी काढली. बारीक पांढऱ्या गोळ्या, नाव नाही, काही नाही. बाजारच्या दिवशी एक माणूस येऊन विकायचा. "एक घेतली का दिवसभर हात चालते, मॅडम. काऊन चालते, ते त्याले बी मालूम नाई."

मला मालूम होतं. स्टेरॉइड होतं ते, सूज दाबणारं आणि हळूहळू हाडं पोखरणारं. आणि मी रागावले. त्यांच्या हाडांसाठी रागावले असते तर आज हे लिहिताना बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "हनीफभाई, या गोळ्या बंद करा. माझे दोन नमुने वाया गेले."

त्यांनी बंद केल्या. त्याच दिवशी, एकदम.

असल्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या की शरीर स्वतःचं ते द्रव्य बनवणं सोडून देतं. त्या हळूहळू कमी कराव्या लागतात, एकदम सोडल्या तर माणूस कोसळतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या क्षणी ते मला आठवलं नाही. सहा-सात दिवसांनी नागपूरला शमीमभाभींचा निरोप आला, हे दवाखान्यात आहेत. मी धावत गेले. उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळलेला. दोन दिवस ते शुद्धीत नव्हते म्हणे. मी पोचले तेव्हा डॉक्टर त्यांच्या खाटेपाशी उभे होते आणि विचारत होते, "गोळ्या एकदम बंद करायला कोणी सांगितलं?"

हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मीच केल्या बंद," ते म्हणाले.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मी व्हरांड्यात आले. मग आत गेले आणि डॉक्टरांना गाठून सांगितलं की मी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?" मी नाही म्हणाले. "मग सांगायचं नव्हतं," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. त्याहून जास्त कोणी मला काही बोललं नाही. शमीमभाभींनी तर मला डब्यातली अर्धी पोळी वाढली.

ते घरी आल्यावर मी भेटायला गेले, थर्मास न घेता. आता ते रक्त घ्यायचं नाही, आहे तेवढ्यावर प्रबंध संपवायचा, असं ठरवलं होतं. डॉक्टरांची गोळी आता रीतसर चालू होती, हळूहळू कमी करत आणायची. हात पुन्हा आखडलेले होते, कैची धरता येत नव्हती. ते खुर्चीत बसून सांगत होते आणि शमीमभाभी कापड कापत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, नको वगैरे म्हणाले नाहीत. मग विचारलं, "आज बर्फाचा डबा नाई आणला?"

"नाही. आता नाही घेणार."

"काऊन?"

मी त्या दवाखान्याचं नाव काढलं. ते म्हणाले, "तुमच्यासाठी देऊन राह्यलो असं समजता का तुमी? माह्या अंगात काय चाललं आहे, ते मले समजाले पायजे. माहे हात गेले, मॅडम. निदान कशानं गेले, ते त मालूम होऊ द्या." मग भाभींकडे वळून म्हणाले, "बाही जरा ढिली ठेव."

पुढची तीन वर्षं त्यांनी रक्त दिलं. आणि मी आधी विचारायला शिकले: काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, आज उठताना किती दुखलं. कापणारं हे प्रतिपिंडच आहे, त्यात दुसरं एखादं विकर मिसळलेलं नाही, हे पक्कं करण्यातच एक वर्ष गेलं. शेवटी ते ठरलं. सांधे सुजत तेव्हा त्यांच्या रक्तात ही क्रिया वाढलेली दिसे. पण ती सांधा कापत होती, की सांध्यात साचलेला कचरा कापून साफ करत होती, हे माझ्या प्रयोगातून सांगता येत नव्हतं. बांधलेला प्रबंध घेऊन मी बल्लारपूरला गेले आणि हे जसंच्या तसं त्यांना सांगितलं. मला भीती होती.

त्यांनी वाकड्या बोटांनी दोन-चार पानं उलटली. "म्हणजे कैची भेटली," ते म्हणाले. "पण ते दुश्मनाची का आपली, ते नाई समजलं."

"नाही समजलं."

"मग कोणीतरी पुढं पाहीन." एवढंच. मग त्यांनी भाभींना प्रबंध वरच्या फळीवर, कापडाच्या गठ्ठ्यांपासून दूर ठेवायला सांगितलं.

त्यानंतर मी चंद्रपूरला नोकरीला लागले. ईदला जायची, मधेच कधी तरी जायची. दुकान भाभींनी चालवलं, हनीफभाईंच्या सांगण्यावर आणि नंतर नंतर न सांगताही. हनीफभाईंची छाती कधी बिघडत गेली, ते आम्हा दोघींच्याही नीट लक्षात आलं नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले होते. घराला रंग लावणं चालू होतं. पुढच्या खोलीच्या भिंती झाल्या होत्या, आतल्या खोलीचं दार मात्र जुनंच होतं. भाभींनी ते ओढून घेतलं आणि मला त्याची मागची बाजू दाखवली. कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने तिथे पंजे काढलेले होते. उजवा हात दारावर टेकवून त्याच्या कडेने ओढलेली रेघ. एकाखाली एक, पुष्कळ. वरच्या पंजाची बोटं जवळपास सरळ. खाली येत जावं तशी ती करंगळीच्या बाजूला कलत गेलेली, अंगठा आत वळलेला, रेघही कापरी होत गेलेली. मधेच दोन पंजे एकदम उघडे, मोकळे... ते कधीचे, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. शेवटच्या काही रेघा कापऱ्या नव्हत्या. त्या भाभींनी काढलेल्या होत्या.

"तुमी रक्त घेऊन गेल्या का दारापाशी येत," भाभी म्हणाल्या. "मी म्हणो, काऊन भिंत-दार खराब करता? त म्हणे, मॅडम आपलं लिहून राह्यल्या, मी माहं लिहून राह्यलो." मग दाराकडे पाहत म्हणाल्या, "रंगाऱ्याले सांगतलं, हे दार सोड. हे तुमच्या पुस्तकात नसन ना?"

"नाही भाभी," मी म्हणाले. "हे माझ्याकडे नाही."

त्यांनी दार उजेडाकडे पूर्ण उघडलं आणि त्या आत चहा ठेवायला गेल्या. मला त्या दिवशी कोणतीच गाडी गाठायची नव्हती. मी स्टूल ओढलं आणि पहिल्या पंजापासून पाहायला सुरुवात केली.